दोन्हीकडं काच

काचेच्या त्या दुकानात मांजरसुद्धा शेपटी पोटाशी धरून चालायचं. ही थाप नाही, आणि असलीच तर फार तर वीतभर असेल. दुकान होतं पट्टीसारखं, लांब आणि अरुंद. दोन्ही भिंतींना लाकडी घोड्या, घोड्यांवर उभ्या टेकवलेल्या काचा, डावीकडं खिडक्यांच्या आणि उजवीकडं आरसे. मधून वाट दीड हाताची. एखादं अंगानं भरलेलं गिऱ्हाईक दारात आलं की मालक हात जोडून म्हणायचे, "साहेब, आपण तिथंच थांबा. दुकान आपल्याकडं येईल."

त्या वाटेनं मालकांची बायको, सगळे तिला काचवाली म्हणत, सव्वीस वर्षं ये-जा करत होती. डोक्यापेक्षा उंच काच उभी धरायची, खांदा वळवायचा, पोट पाठीला लावायचं, कोपरं बरगड्यांना शिवायची आणि निघायचं. सव्वीस वर्षांत तिच्या धक्क्यानं एक काच फुटली नाही. ती गेली तरी आरशावरची धूळ हलायची नाही, असं मालक सांगायचे. मालकांचा हात काच कापताना जेवढा सरळ चाले, तेवढीच जीभ वाकडी चाले. पण हे मात्र खरं होतं.

दुकानाचे कायदे दोनच. पहिला, पडत्या काचेला हात लावायचा नाही. काच सुटली की हात पाठीमागं, आपण बाजूला. तिला काय पडायचं ते पडू द्या, बोटं पुन्हा उगवत नाहीत. दुसरा, कुणी काच घेऊन वाटेत शिरलं की त्यानं ओरडायचं, "दोन्हीकडं काच!" हे कानावर पडलं की वाटेतल्या माणसानं होता तिथंच अंग चोरायचं. पुढं पळायचं नाही, मागं पळायचं नाही. पळाला तो कोपरानं चार आरसे घेऊन पळाला.

आता अंग चोरण्याची ही विद्या दुकानात ठीक, पण काचवाली लग्न होऊन आली तेव्हा आठच दिवसांत ती तिच्या हाडांत मुरली. ती स्वयंपाकघरातही तशीच आडवी चालायला लागली. मालकांची थोरली बहीण मागच्या खोलीत राहायची आणि घराचा कारभार हाकायची. वन्संनी एक दिवस ते पाहिलं आणि गालावर हात ठेवला.

"अगोबाई! कामाला हात लावायच्या आधीच ही अंग चोरते! अंगचोर कुठली!"

झालं. बाई दोन माणसांचं काम एकटी ओढायची, पण नाव पडलं अंगचोर. सांगून काय उपयोग? वन्संच्या तोंडाला कोण लागणार? काचवालीनं तिथंही अंग चोरलं.

तर एका वर्षी दुकानाच्या वरची रिकामी खोली कुणीतरी भाड्यानं घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरून आवाज आला, धाड! खाली दुकानातले झाडून सगळे आरसे थरथरले, आणि प्रत्येक आरशात एकेक काचवाली थरथरली. पुन्हा धाड! तिनं पदर खोचला आणि अठरा पायऱ्या चढून भांडायला गेली.

वर ठोसे आणि लाथा यांची शाळा निघाली होती. शिकवणारा तरणा माणूस इतका काटकुळा, की सगळे त्याला काडीसर म्हणायचे.

"सर, तुमची लाथ इथं पडते आणि खाली माझ्या आरशांना हुडहुडी भरते," काचवाली म्हणाली.

"काकू, लाथच ती. हळू कशी मारायची?"

"हळू नका मारू. कडेला मारा. भिंतीखाली तुळई आहे, मध्ये नुसत्या फळ्या. हे बघा, इथून तिथपर्यंत..."

आणि दाखवायला म्हणून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. पूर्ण. बोटांच्या टोकांपर्यंत. मग तशीच थांबली. सव्वीस वर्षांत तिनं एवढे हात पसरलेच नव्हते. पसरले, आणि काहीच फुटलं नाही.

"काकू? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "फी कुणाकडं भरायची?"

अशी ती भांडायला गेली आणि तिथलीच झाली. काडीसरांनी जाड गाद्या घातल्या, आरशांची हुडहुडी थांबली. काचवालीनं वर्गाला सात फुटी आरसा दिला, मालकांनी आणि तिनं तो अठरा पायऱ्या उभा चढवला आणि समोरच्या भिंतीला लावला. त्या आरशापुढं आठवड्यातून तीन संध्याकाळी ती हात-पाय फेकायची, "हाः!" म्हणून ओरडायची. खाली मालक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचे, "ओरडतेय ती आमची मंडळी. माझ्यावर नाही, हवेवर."

ठोसे तिचे झकास पडायचे. लाथही बरी. घोडं पेंड खायचं ते एका ठिकाणी, बचावात. काडीसर म्हणायचे, "ठोसा आला की हात वर! कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड त्याच्या वाटेत घाला. लाथ आली की हात खाली, आणि झाडून बाजूला!" पण समोरून काही अंगावर आलं की काचवालीचे हात कुठं जायचे? पाठीमागं. आणि ती बाजूला. पडत्या काचेला हात लावायचा नाही!

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा बचावाचीच होती. दहा ठोसे, दहा लाथा, गादीवर पट्ट्या चिकटवून आखलेल्या तीन पावलांच्या चौकटीत. तीन मार लागले तर माफ. चौथा लागला की नापास. चौकटीबाहेर पाय गेला तरी नापास. आणि तीनदा नापास झालं की वर्गातून नाव कमी, असा त्यांच्या संस्थेचा नियम.

पहिल्या परीक्षेत काचवालीला एकही ठोसा लागला नाही. कारण तिसऱ्या ठोशाला ती जिन्यात होती. दुसऱ्या परीक्षेत तिनं ठरवलं, हलायचंच नाही, हातच आडवे घालायचे. घातले, पण डोळे मिटून. पहिले चारही ठोसे लागले, आणि चौथा मारताना समोरच्याच्याच जिवावर आलं.

उरली तिसरी. महिनाभर काडीसर तिच्या मागं लागले होते. तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे झाले होते, आणि हात काही वेळेवर वर जात नव्हते.

आदल्या दिवशी ती काच पुसता पुसता म्हणाली, "अहो, उद्या नाही जमलं तर संपलं."

"मग काय बिघडलं?" मालक म्हणाले. "पाय मोकळे करायला फिरायला जात जा."

"फिरताना हात पसरून चालता येतं का?"

मालकांनी हातातली काच कापायची हिऱ्याची लेखणी खाली ठेवली. दीड हाताच्या त्या वाटेत बायको खांदा वळवून, कोपरं शिवून उभी होती. माणसाला सव्वीस वर्षं रोज दिसणारी गोष्ट एखाद्या दिवशी अचानक दिसते. त्यांची वाकडी जीभसुद्धा त्या दिवशी तोंडात सरळ पडून राहिली.

रविवारी सकाळी वर्ग गच्च भरला. मालक दुकान बंद करून आले. आणि वन्सं! गुडघे धरत, प्रत्येक पायरीला पायरी बांधणाऱ्याचा उद्धार करत, अठरा पायऱ्या चढून आल्या.

"वन्सं, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" काचवाली म्हणाली.

"तुझी फजिती बघायला आणखी अठरा असत्या तरी चढले असते," वन्सं म्हणाल्या आणि सगळ्यात पुढची खुर्ची धरून बसल्या.

परीक्षक बाहेरून आले होते. मोठे सर. भुवया इतक्या झुपकेदार, की ते रागावलेत की झोपलेत हे भुवया उचलल्याशिवाय कळत नसे. ठोसे-लाथा मारायला त्यांनी आपला पठ्ठ्या आणला होता. तो पठ्ठ्या मोडक्या गाड्यांचे पोचे ठोकून काढायचा. नाव हातोडा. म्हणतात की घाई असली की तो हातोडा शोधत बसायचा नाही, मुठीनंच पत्रा सरळ करायचा. हातात जाड कापसाचे मोजे घातले होते म्हणून बरं. त्यानं आधीच्या तिघांची परीक्षा घेतली तेव्हा आरशावर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती.

"मावशी, सांभाळा हं," काचवाली चौकटीत आली तेव्हा तो अदबीनं म्हणाला. "मला हळू मारता येत नाही. लहानपणापासूनची खोड आहे."

"असू दे बाळा. मला हात उचलता येत नाहीत."

मोठ्या सरांनी चार बोटं वर धरली. "मार लागला की एक बोट मिटेन. चारही मिटली की घरी. नियम एकच, मार लागू द्यायचा नाही आणि चौकट सोडायची नाही. सुरू!"

पहिला ठोसा आला. "हात वर!" काडीसर ओरडले. हात वर निघाले खरे, पण ठोसा खांद्यावर पोचून परत गेल्यावर पोचले. एक बोट मिटलं.

दुसरा. या वेळी हात आधीच वर होते, म्हणून ठोसा खालून आला. बरगडीत. दुसरं बोट मिटलं.

तिसऱ्याला तिचा एक हात वर होता, एक खाली, आणि ठोसा बरोबर मधून छातीवर बसला. ती दोन पावलं मागं गेली. टाच चौकटीच्या पट्टीला टेकली. तिसरं बोट.

"संपलं," वन्सं शेजारणीला म्हणाल्या, पण का कोण जाणे, हळू म्हणाल्या.

मोठ्या सरांचं एकच बोट उभं राहिलं. सात ठोसे बाकी होते आणि दहाच्या दहा लाथा. काचवालीनं एकदा भोवती पाहिलं. एवढी मोकळी खोली! पुन्हा कधी? तिचे पाय जिन्याकडं वळायला लागले. मोकळ्या जागेत काच सुटली की माणूस पळतो, त्यात त्या पायांचा काय दोष?

मालकांना ते पाय दिसले. या पायांना मोकळी जागा कळतच नाही, हे त्या क्षणी जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. हातोड्यानं चौथ्या ठोशासाठी खांदा मागं ओढला, आणि मालक खुर्चीवरून उठून दुकानातल्या आवाजात ओरडले,

"दोन्हीकडं काच!"

काचवालीच्या डोक्याला कळायच्या आत अंगाला कळलं. पोट पाठीला लागलं. खांदा वळला. कोपरं बरगड्यांना शिवली गेली. पाय होते तिथंच रुतले. चौथा ठोसा तिच्या हनुवटीपुढून असा गेला, जसा मालकांच्या हातातला सात फुटी आरसा सव्वीस वर्षं तिच्या नाकापुढून जायचा. केस तेवढे हलले.

मोठ्या सरांचं बोट उभंच.

"कोण ओरडलं?" त्यांनी विचारलं.

"सवय आहे साहेब," मालक खाली बसत म्हणाले. "काचेचं दुकान आहे."

"आता गप्प बसा."

"बसलोच आहे. मला एकदाच ओरडायचं होतं."

पुढं जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांनी दहा ठिकाणी सांगितलं आणि दहा ठिकाणी थोडं थोडं वाढलं, पण मूळ एवढं नक्की. पाचवा ठोसा तिच्या कानाशी काहीतरी सांगून गेला. सहावा आणि सातवा जोडीनं आले, ती त्यांच्या मधून गेली. आठवा पोटावर होता, पण पोट तिथं नव्हतं. नववा मारताना हातोड्याचा स्वतःचाच तोल गेला, आणि दहाव्याच्या वाऱ्यानं काचवालीच्या कपाळावरचा घाम वाळला. तिचे पाय? दीड हाताच्या आत. चौकट तीन पावलांची होती, तिला त्यातली अर्धीसुद्धा नको होती. इतर लोक चौकटीत कोंडले जायचे. काचवालीला ती मैदानासारखी वाटत होती.

"मावशी, तुम्ही आहात ना तिथं?" हातोड्यानं धापा टाकत विचारलं.

"आहे रे. मार तू."

मग लाथा. सरळ लाथ आली, तिनं कंबर वळवली, लाथ शेजारून गेली. आडवी लाथ आली, तिनं पोट चोरलं, लाथ पदराला वारा घालून गेली. फिरकी लाथ डोक्याकडं आली तेव्हा ती फक्त वाकली, जशी दुकानात वरच्या फळीखाली रोज वाकायची. चार, पाच, सहा. हातोडा घामानं निथळला. ज्या माणसानं आयुष्यभर लोखंडी पत्र्यावर घाव घातले, त्याला न लागणारा घाव किती जड असतो ते पहिल्यांदाच कळत होतं. सात, आठ. काडीसर "हात वर!" म्हणायचं विसरून स्वतःच खांदे वळवायला लागले होते. पुढच्या दोन रांगाही बसल्या जागी डोलत होत्या. नवव्या लाथेला तर खुद्द वन्संनी पोट आत ओढलं आणि लगेच कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघितलं.

राहिली एक.

हातोडा आता चिडला होता. काचवालीवर नाही, हवेवर. तो चार पावलं मागं गेला, धावत आला आणि त्यानं उडी घेतली. अख्खा हातोडा हवेत, उजवी टाच पुढं.

काचवालीनं अंग चोरलं. टाच तिच्या खांद्याशेजारून निघाली. झालं, जिंकली! पण तेवढ्यात तिच्या डोळ्याला दिसलं, की ती टाच जाते कुठं आहे. तिच्या मागं दोन हातांवर भिंत होती. भिंतीवर सात फुटी आरसा. आरशात दुसरा हातोडा टाच पुढं करून पहिल्याकडं येत होता. दोघं भेटले असते तर आरसा सोडा, त्या पायाला किती टाके पडले असते ते डॉक्टरनंही मोजले नसते.

पडत्या काचेला हात लावायचा नाही. सव्वीस वर्षांचा कायदा. पण ही काच नव्हती, पडता माणूस होता, आणि त्याच्याबद्दल दुकानात कायदाच नव्हता. काचवालीचा हात पाठीमागून निघाला. महिनाभर जो वेळेवर वर गेला नव्हता, खाली आला नव्हता, तो उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत हाड होऊन आडवा आला आणि त्यानं ती लाथ वाटेतच पकडून झाडली. एकदाच. बाजूला. हातोडा हवेत वळला, आरशाला वीतभर अंतरावरून सलाम केला आणि भिंतीकडच्या गादीवर पाठीवर पडला. धाड!

बरोबर तुळईवर. खाली दुकानात एक आरसा हलला नाही.

"खालचा बचाव!" काडीसर खुर्चीवर उभे राहून किंचाळले. "काकू, हाच! हाच खालचा बचाव! महिनाभर हाच सांगत होतो!"

हातोडा गादीवरून मान उचलून आरशाकडं बघत होता. मग त्यानं आपली टाच दोन्ही हातांनी धरली, जागेवर आहे का ते पाहिलं आणि काचवालीकडं बघून म्हणाला, "मावशी, मी नापास."

सगळा वर्ग हसला. काचवालीला हसू येईना. ती मोठ्या सरांच्या हाताकडं बघत होती. चौथं बोट अजून उभं होतं. सर तिच्या पायांकडं बघत होते. दोन्ही पाय चौकटीत. मग त्यांनी भुवया उचलल्या, आणि लोकांना कळलं की ते रागावलेले नाहीत, झोपलेलेही नाहीत. त्यांचे डोळे चक्क हसत होते.

"बाई, अडवणं मी हजारांना शिकवलं," ते म्हणाले. "हात दुखेपर्यंत कुणीही शिकतं. पण अंग चोरणं! मी स्वतः तीस वर्षं शिकतोय, मला अजून निम्मं येतं. तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

काचवालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण पुढच्या खुर्चीवरून वन्सं गुडघेबिडघे विसरून ताडकन उठल्या होत्या.

"शिकवायचं काय त्यात!" त्या सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरात पाऊल टाकलं तेव्हाच ओळखलं होतं मी. सव्वीस वर्षं हिला अंगचोर म्हणतेय, ते काय उगाच? विचारा हिला! नाव कुणी ठेवलं, विचारा!"

मालकांनी तोंडावर रुमाल धरला. काचवाली वन्संकडं बघत राहिली. सव्वीस वर्षं ते नाव ऐकलं की तिचे खांदे आपोआप आत जायचे. आज वाट पाहिली तरी ते हलले नाहीत.

"वन्संनीच ठेवलं," ती म्हणाली. "त्यांचाच आशीर्वाद."

काडीसरांनी पिवळा पट्टा आणला. पण तिच्या कमरेला तो बांधायचा कसा? काचवाली खोलीच्या मधोमध उभी होती आणि तिनं दोन्ही हात पसरले होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बोटांची टोकं ताणून. शेवटी काडीसर त्या हातांखालून वाकून आले आणि पट्टा बांधून तसेच वाकून परत गेले. अंग चोरून.